शेवटचा पाना गाडी लोडवर घेऊनच

माझ्या १९७० च्या प्लिमथ डस्टर या अमेरिकन गाडीचे पुढचे रबर बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे, फारसे जुने नव्हते. आधीच्या मालकाने गाडीबरोबर बिलांची फाइल दिली होती. पुढच्या सस्पेन्शनचं सगळं काम नव्याने केल्याची नोंद त्यात होती, आणि त्यानंतर गाडी क्वचितच बाहेर पडली होती. तरीही डाव्या लोअर आर्मचा (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा; वरचा तो अप्पर आर्म) बुश फाटला होता, अप्पर आर्मच्या एका बुशाचं रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं आणि गाडीचं नाक डावीकडे बोटभर उंच उभं होतं. ब्रेक दाबला की स्टीअरिंग ओढ घ्यायचं. रबर हातात घेऊन पाहिलं तर सगळ्या चिरा एकाच दिशेने कललेल्या होत्या. बुश चांगल्या प्रतीचे होते. बसवणाऱ्याने गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना सगळे नट पूर्ण आवळून टाकले होते, एवढंच त्या चिरांवरून कळत होतं.

हे काम मी स्वतः करायचं ठरवलं. मी मूळचा चिंचवडचा, गेली बरीच वर्षं मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो, आणि इथल्या बऱ्याच मराठी माणसांसारखं माझंही पोट मोटारींवरच चालतं. पण कारखान्यातलं काम वेगळं आणि पंचावन्न वर्षांच्या गाडीखाली आडवं पडून केलेलं काम वेगळं. गाडीखालचं काम मला माझ्या काकांनी शिकवलं. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीला यायच्या. बुशाचा बोल्ट हातात घेतला की ते म्हणायचे, "आत्ता नुसता टेकव. गाडी लोडवर घे, मग पाना मार." लोडवर म्हणजे गाडीचं वजन चाकांवर आलेलं. लहानपणी ते मी आज्ञा म्हणून ऐकलं. त्यामागचं कारण या गाडीच्या निमित्ताने नीट उलगडलं.

कारण असं आहे. रबर बुशला बाहेरून एक धातूचं कवच असतं, आत एक नळी असते आणि दोन्हींच्या मधे रबर असतं. बाहेरचं कवच आर्ममध्ये दाबून बसवलेलं असतं. आतली नळी बोल्ट किंवा शाफ्ट आवळला की गाडीच्या सांगाड्याशी घट्ट धरली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही. फक्त रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे नट ज्या स्थितीत आवळला, ती स्थिती रबरासाठी विश्रांतीची ठरते. चाक लोंबकळत असताना आवळलं तर विश्रांती तिथे. मग गाडी जमिनीवर उतरली की नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहतं, आणि खड्डा आला की आणखी पिळलं जातं. रात्रभर मान वाकडी ठेवून झोपलेल्या माणसाने दिवसभर सरळ बघायचा प्रयत्न करावा, तशी त्या रबराची गत होते. ते सतत आर्मला खाली ढकलत राहतं, म्हणून गाडी उंच उभी राहते, आणि अखेर फाटतं.

पॉलियुरेथेनच्या बुशांना हा नियम लागू नाही. ते चिकटवलेले नसतात, ग्रीसवर घसरतात, त्यामुळे कुठल्याही स्थितीत आवळले तरी चालतं. बरेच लोक तेच बसवतात. मी रबरच ठेवलं, कारण मिशिगनच्या उखडलेल्या रस्त्यांवर रबराचा मऊपणा मला हवा आहे, आणि ग्रीस सुकल्यावर पॉलियुरेथेन जे कुरकुरतं ते मला सहन होत नाही.

आता थोडं गाडीबद्दल. मसल कार म्हणजे साठच्या दशकातल्या डेट्रॉईटची एक साधी कल्पना: बेताच्या आकाराची, बेताच्या किमतीची दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठं व्ही-एट इंजिन बसवायचं. डस्टर तर प्लिमथच्या छोट्या व्हॅलियंटवरच बेतलेली. तिच्या ३४० मॉडेलमध्ये ३४० घन इंचांचं, म्हणजे सुमारे ५.६ लिटरचं, २७५ अश्वशक्तीचं इंजिन. माझी गाडी हॅमट्रॅमिकच्या डॉज मेन कारखान्यात तयार झाली. तो कारखाना १९८० च्या जानेवारीत बंद झाला आणि पुढे पाडला गेला. माझ्या घरापासून तो अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. मराठी माणसाला हे घराणं तसं अगदीच परकं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात असत.

क्रायस्लरने १९५७ पासून आपल्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार दिले. गाडीच्या लांबीच्या दिशेने पसरलेल्या दोन पोलादी कांबी. त्यांची मागची टोकं आडव्या बीममध्ये पक्की, पुढची षट्कोनी टोकं लोअर आर्ममध्ये. चाक वर उचललं की कांब पिळली जाते, आणि तिचं ते पिळणं म्हणजेच स्प्रिंग. ३४० ला ही कांब ०.८७ इंच जाडीची मिळाली, साध्या सहा सिलिंडरवाल्या गाडीपेक्षा किंचित जाड. लोअर आर्ममध्ये एक ॲडजस्टिंग बोल्ट असतो. तो फिरवला की कांबीवरचा पीळ कमीजास्त होतो आणि गाडीची उंची बदलते. ही सोय फार सुंदर आहे, पण तिच्यामुळेच नट आवळण्याचा क्रम जास्त महत्त्वाचा होतो. उंची आधी ठरवायची, नट मग. उलटं केलं तर उंची बदलताना बुश पुन्हा पिळला जातो.

उघडण्याचं काम थोडक्यात सांगतो, कारण त्यात गंजाशी झटापट सोडली तर विशेष काही नाही. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते प्रत्येक आट्यात शिरतं. आदल्या रात्री सगळ्या नटांवर तेल मारून ठेवलं. सांगाड्याखाली घोड्या, म्हणजे गाडी धरून ठेवणारे स्टँड, लावल्या, अप्पर आर्मखालचा रबरी ठोकळा काढला म्हणजे आर्म पुरता खाली येतो, आणि मग दोन्ही ॲडजस्टिंग बोल्ट सोडून कांबींवरचा पीळ उतरवला. हे केल्याशिवाय बॉल जॉइंटला, म्हणजे आर्म आणि चाकाची बाजू जोडणाऱ्या गोल सांध्याला, हात लावू नये. पिळलेल्या कांबीत अख्ख्या गाडीचं नाक उचलून धरण्याची ताकद साठलेली असते. कांबी बाहेर काढल्यावर डावी-उजवी वेगळी ठेवली. त्यांच्या टोकांवर एल आणि आर ही अक्षरं ठोकलेली असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही, कारण कारखान्यातच प्रत्येकीला तिच्या पिळाच्या दिशेने ताण देऊन तयार केलेलं असतं. डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे आहेत हेही लक्षात ठेवावं लागतं. त्या काळी क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या बाजूला स्टडवर एल अक्षर असायचं, आणि ते न बघता जोर लावणाऱ्यांनी आजवर कितीतरी स्टड मोडले असतील.

जुने बुश दाबून काढले, आर्म घासून रंगवले, नवे बुश बसवले. बोल्ट मात्र मूळचेच परत वापरले, कारण ते सुस्थितीत होते. जिथे नवा घ्यावा लागला तिथे डोक्यावरच्या रेघा मोजून घेतला. अमेरिकन बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. एकही रेघ नसलेला बोल्ट कुंपणाच्या दाराला चालेल, सस्पेन्शनला नाही. घर्षणावर घट्ट राहणारे लॉकनट आणि स्प्लिट पिन सगळ्या नव्या घेतल्या. स्प्लिट पिन दोन पैशांची वस्तू आहे, तिचा पाय एकदा सरळ करून पुन्हा वाकवण्यात काही वाचत नाही.

जोडणीच्या वेळी मी सगळे सांधे मनात दोन गटांत वेगळे केले. एका गटात रबर नाही: बॉल जॉइंट, टाय रॉडचे (स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) एंड, स्टीअरिंग आर्मचे बोल्ट. हे गाडी वर असतानाच पूर्ण आवळता येतात. दुसऱ्या गटात रबर पिळलं जातं: लोअर आर्मच्या पिव्हट शाफ्टचे, म्हणजे आर्म ज्याभोवती वरखाली होतो त्या दांड्याचे, नट आणि अप्पर आर्मचे चार कॅम बोल्ट, जे फिरवले की आर्म किंचित सरकतो. हे फक्त टेकवून ठेवायचे, वॉशर हलणार नाही इतपत. स्ट्रट रॉड, म्हणजे लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवणारी कांब, या दोन्हींच्या मधे बसते. तिच्या रबरी चकत्या दाबल्या जातात, फारशा पिळल्या जात नाहीत. तरी तिचा पुढचा नटही मी मागे ठेवला, आर्म आपल्या जागी स्थिर झाल्यावर तो आवळलेला मला बरा वाटतो.

बॉल जॉइंटबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. या गाडीचा वरचा बॉल जॉइंट अप्पर आर्ममध्ये चक्क स्क्रूसारखा फिरवून बसवतात. त्याला खास मोठी गोटी (सॉकेट) लागते आणि त्याचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, १२५ फूट-पाउंड. पहिले काही आटे हातानेच लावायचे. तिरका शिरला तर आर्मचे आटे जातात आणि आर्मच बदलावा लागतो. त्याच्या खालच्या दांड्याचा नट मात्र खाचांचा असतो, ज्याच्यातून स्प्लिट पिन जाते. इथे एक नियम कधीही मोडायचा नाही. ठरलेल्या टॉर्कला नट थांबला आणि खाच भोकासमोर आली नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा. पिन बसावी म्हणून मागे सोडायचा नाही. दांड्याचं टोक निमुळतं आहे, ते समोरच्या निमुळत्या भोकात खेचून धरलेलं असतं. नट किंचित मागे आला तरी ती पकड सुटते आणि दांडा भोकात हलायला लागतो.

आणि त्याच चाकाच्या मध्यभागी, हबच्या बेअरिंगवर, तशीच खाच आणि तशीच पिन असते, पण नियम बरोबर उलटा. तिथे चाक फिरवत नट हलका आवळून रोलर बसवून घ्यायचे, मग नट एक खाच मागे घ्यायचा आणि पिन घालायची. आवळलेला ठेवला तर बेअरिंग तापून जळतं. बेअरिंगचा तो टॉर्क मॅन्युअलमध्ये इंच-पाउंडात दिलेला असतो. एक फूट-पाउंड म्हणजे बारा इंच-पाउंड, तेव्हा आकडा वाचताना एकक मोठ्याने म्हणायचं ही माझी सवय आहे. माझी मुलगी मॅन्युअल घेऊन शेजारी बसली होती. ती आकडा आणि एकक दोन्ही वाचून दाखवायची, मी पाना लावायचो, पाना खट्ट वाजला की ती नटावर आणि बोल्टावर मिळून एक पिवळी रेघ ओढायची. ती रेघ पुढे फार कामाला येते.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या टॉर्कला खट्ट वाजणारा पाना, हे मोजमापाचं साधन आहे आणि त्याला तसंच वागवावं लागतं. नट सोडायला तो वापरायचा नाही. काम झालं की स्प्रिंग खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. झटका न देता एका दमात, सावकाश ओढायचं, खट्ट वाजल्यावर थांबायचं, पुन्हा एकदा वाजवून बघायचा मोह टाळायचा. पान्याच्या क्षमतेच्या अगदी तळाच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, म्हणून माझ्याकडे दोन आहेत, एक छोटा आणि एक लांब दांड्याचा. आट्यांची स्वच्छता तर पान्याइतकीच महत्त्वाची. आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो. बाकीचा सगळा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. म्हणजे आट्यात गंज असेल तर पाना वेळेआधीच वाजतो आणि सांधा ढिला राहतो. आणि जिथे मॅन्युअलने कोरडे आटे गृहीत धरलेत तिथे तेल-ग्रीस थापलं तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. मी प्रत्येक बोल्ट तारेच्या ब्रशने घासला, नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का ते पाहिलं, आणि मगच जोडला.

आता मुख्य भाग. गाडी लोडवर घ्यायची, पण तिच्याखाली शिरायला जागाही हवी. जाड फळ्या एकमेकींवर स्क्रूने पक्क्या करून मी चार बसके ओटे केले आणि गाडीची चारही चाकं त्यांच्यावर घेतली. फक्त पुढची चाकं उचलली तर गाडी मागे कलते आणि पुढच्या बाजूवरचं वजन बदलतं, म्हणून चारही. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडं लावली, आणि सांगाड्याखाली बोटभर अंतर ठेवून घोड्याही उभ्या केल्या, काही सरकलंच तर गाडी त्यांच्यावर थांबावी म्हणून. ज्यांच्याकडे ओटे नाहीत ते लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ, घोड्या लावतात. तेही चालतं, फक्त गाडीचं वजन खरोखर आर्मवर आलंय ना हे बघायला हवं.

इथे एक बारीक गोष्ट सहज निसटते. जॅक खाली घेताना दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला सरकायला बघतात, पण टायर जमिनीला चिकटलेले असतात. ते सरकत नाहीत, त्यामुळे गाडी खऱ्या उंचीपेक्षा वरच अडकते. सपाट जागेवर असाल तर गाडी हाताने थोडी मागे-पुढे ढकलली की ती खाली बसते. ओट्यावर ते जमत नाही, म्हणून मी प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन पत्रे ठेवले, मधे भरपूर ग्रीस. वजन आल्यावर पत्रे एकमेकांवरून घसरले आणि गाडीचं नाक डोळ्यांदेखत खाली आलं. ते पाहिल्यावर आधी मोजलेली उंची किती फसवी असते ते पटलं.

मग उंची. मॅन्युअल सांगतं, पेट्रोलची टाकी भरलेली, टायरमधली हवा बरोबर, आत कोणी बसलेलं नाही. पुढचा बंपर धरून गाडी वरखाली हलवायची, खाली जाताना सोडून द्यायची, म्हणजे ती आपली आपण स्थिरावते. मग प्रत्येक बाजूला लोअर आर्मवरच्या दोन ठिकाणांचं जमिनीपासूनचं, माझ्या बाबतीत ओट्यापासूनचं, अंतर मोजायचं: एक ॲडजस्टिंग बोल्टजवळच्या पट्टीच्या तळाशी आणि एक बॉल जॉइंटच्या तळाशी. या दोन अंतरांतला फरक म्हणजे त्या बाजूची उंची. डाव्या-उजव्या बाजूत पाव इंचाच्या निम्म्याहून, म्हणजे एक अष्टमांश इंचाहून, जास्त तफावत नको. या पद्धतीचं मला कौतुक वाटतं. मडगार्ड वाकडं असो की टायर झिजलेला असो, मोजमाप थेट आर्मच्या कोनाचं होतं, आणि बुशाला आर्मच्या कोनाशीच मतलब असतो. उंची बदलायची तेव्हा आधी जॅकने वजन उतरवलं, बोल्ट फिरवला, गाडी परत खाली घेतली, हलवली, पुन्हा मोजलं. वजनाखाली तो बोल्ट फिरवला तर आट्यांचं नुकसान होतं. वेळखाऊ आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

उंची जुळली आणि मी पिव्हटच्या नटाकडे वळलो. १४५ फूट-पाउंड, आपल्याकडच्या जुन्या मापात साधारण २० किलो-मीटर. नट के-फ्रेमच्या, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या सांगाड्याच्या, पुढच्या बाजूला येतो, त्यामुळे गाडीच्या पुढून हात घालून लांब पाना लावता येतो, आणि त्यासाठी मी त्या रचनाकारांचा ऋणी आहे. नट आवळला जातो तसा शाफ्टचा खांदा के-फ्रेमवर दाबून बसतो आणि शाफ्ट फिरायचा थांबतो. त्या क्षणापासून बुश कामाला लागतो. मी एका बाजूला अर्धा जोर, मग दुसऱ्या बाजूला अर्धा, मग दोन्ही पूर्ण, असं केलं. नंतर स्ट्रट रॉड. मग अप्पर आर्मचे कॅम बोल्ट, ६५ फूट-पाउंड. हे कॅम बोल्टच चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) आणि कास्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) ठरवतात, त्यामुळे अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, वेळी ते पुन्हा ढिले होणारच होते. तरी दुकानापर्यंत गाडी चालवत न्यायची म्हणून पूर्ण आवळले.

अलाइनमेंट करणाऱ्या माणसाशी मी आधी बोलून घेतलं. एक तर मॅन्युअलमधले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय, म्हणजे तिरक्या थरांच्या जुन्या घडणीच्या, टायरसाठीचे आहेत. आज रेडियल टायरवर कास्टर थोडा जास्त पॉझिटिव्ह ठेवला तर गाडी सरळ रेषेत चांगली राहते. दुसरी विनंती जास्त महत्त्वाची होती: कॅम फिरवायला सोपं जावं म्हणून नाक जॅकवर उचलून बोल्ट आवळू नका, शेवटचा टॉर्क चाकं रॅकवर टेकलेली असतानाच द्या. तो हसला आणि म्हणाला की त्याच्या वडिलांनीही त्याला हेच शिकवलं होतं. माझ्यासमोर त्याने प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लावला आणि मी नव्या रेघा ओढल्या.

गाडी आता ब्रेकला सरळ थांबते. वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथल्या गर्दीत तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चालवून आणि मग ग्रामीण रस्त्यांवर खड्ड्यांतून नेऊन मी परत गाडीखाली शिरलो. रेघा बघायला. नट आणि बोल्टावरची रेघ एका सरळीत असेल तर काही सरकलेलं नाही. तुटलेली दिसली तर लगेच कळतं. स्ट्रट रॉडच्या एका नटाची रेघ किंचित तुटली होती, नव्या रबराने दबून जागा दिली होती. तो पुन्हा टॉर्कला आणला, नवी रेघ ओढली. बाकी सगळ्या जशाच्या तशा. बुशांवर बॅटरी मारून पाहिली: गाडी उभी असताना रबर गोल, शांत, कुठेही ओढ नाही.

टॉर्क, उंचीची मापं आणि कुठला नट कुठल्या स्थितीत आवळला ते सगळं मुलीच्या अक्षरात एका कागदावर लिहून त्या बिलांच्या फाइलमध्ये लावलंय. पुढच्या वसंतात मला नाक किंचित खाली आणायचं आहे. त्या वेळी टॉर्शन बारच्या बोल्टला हात लावण्याआधी पिव्हटचे दोन्ही नट आणि चारही कॅम बोल्ट ढिले करावे लागतील, नवी उंची बसली की ते परत ओट्यांवरच आवळावे लागतील, आणि अलाइनमेंटही नव्याने होईल.